सोसायटीच्या क्विझमध्ये मॅगेलनवरून राडा, मार्क कोणाला द्यायचे?

क्विझमास्तर_मानपाडा

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या थोडं पुढे. गणपतीत दरवर्षी विंगवार क्विझ असतं, यंदा विषय ठेवला जगाच्या इतिहासातली माणसं, म्हणजे राजे, राण्या, दर्यावर्दी वगैरे. क्विझ घ्यायला कमिटीत कोणीच हात वर केला नाही म्हणून गळ्यात माझ्या पडलं. मी इतिहासवाला नाही हो, लोन सेक्शनला आहे, रात्री जेवण झाल्यावर नेटवरून प्रश्न गोळा केले, एक्सेलमध्ये टाकले, झालं.

शेवटचा प्रश्न डी विंगला होता, "पृथ्वीप्रदक्षिणा सर्वात आधी कोणी केली?" डी विंगची आठवीतली मुलगी ताडकन म्हणाली, हुआन सेबास्तियान एल्कानो. माझ्या शीटवर फर्डिनांड मॅगेलन. मी चूक दिलं, प्रश्न पास झाला, बी विंग मॅगेलन म्हणाली, बोनसचे ५ घेतले आणि ८५-८० ने फिरता चषक उचलून गेली. ती मुलगी रडली वगैरे नाही, माईकजवळ येऊन शांतपणे म्हणाली, "काका, मॅगेलन तर वाटेतच मेला ना, मग घरी परत कोण आलं?" हॉलमध्ये सगळे हसले. मी पण हसलो. घरी येऊन मोबाइलवर बघतो तर खरंच वाटेतच मेलाय.

आता ग्रुपवर दोन दिवस हेच चालू आहे. बी विंग म्हणते अंपायरने दिलं ते फायनल. डी विंग म्हणते चूक ती चूक, १० मार्क द्या आणि बी चे ५ काढा, म्हणजे आम्ही ९०, ते ८०, चषक खाली आणा. सेक्रेटरी म्हणतात मेंटेनन्सच्या मीटिंगला एवढी माणसं कधी आली नव्हती.

तर जाणकारांनी सांगा, मॅगेलन हे उत्तर साफ चूक आहे की अर्धं बरोबर? शाळेत तर आपण सगळे तेच शिकलो ना?

---

चरईचा_चव्हाटा

मुलीला १० मार्क द्या आणि वर एक आइस्क्रीम.

मॅगेलन १५१९ च्या सप्टेंबरात स्पेनच्या सानलुकारहून निघाला, ५ जहाजं, अडीचशेच्या वर माणसं. माणूस मूळचा पोर्तुगीज पण त्याच्या राजाशी त्याचं फाटलं म्हणून स्पेनच्या राजाकडे, म्हणजे पहिल्या कार्लोसकडे, गेला आणि म्हणाला मी तुम्हाला पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांना नेतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी ती प्रसिद्ध सामुद्रधुनी शोधली, पॅसिफिक ओलांडला आणि २७ एप्रिल १५२१ ला फिलिपिन्सच्या मॅक्टन बेटावर दोन स्थानिक सरदारांच्या भांडणात नको तिथे नाक खुपसलं आणि त्यातल्याच एका सरदाराच्या, लापुलापूच्या, माणसांनी त्याला गुडघाभर पाण्यात मारला. इथे त्याचा विषय संपला. घरी पोचायला अजून दीड वर्ष जायचं होतं.

५ पैकी एकच जहाज फेरी पूर्ण करून परत आलं, व्हिक्टोरिया, ६ सप्टेंबर १५२२ ला, त्यावर १८ युरोपियन माणसं आणि कप्तान एल्कानो. बाकी जहाजांचं म्हणाल तर सांतियागो फुटलं, सान आंतोनियो सामुद्रधुनीतूनच गुपचूप मागे फिरून घरी पळालं, कॉन्सेप्सियॉन चालवायला माणसं उरली नाहीत म्हणून जाळलं आणि त्रिनिदाद गळायला लागलं, मग पोर्तुगीजांच्या हातात सापडलं.

आणि आता मजा बघा. एल्कानो हा काही मॅगेलनचा उजवा हात नव्हता, १५२० ला सान हुलियान बंदरात मॅगेलनविरुद्ध बंड झालं त्यात हा पठ्ठ्या बंडखोरांच्या बाजूला होता. पुढाऱ्यांना मॅगेलनने मारलं, पण सगळ्यांनाच मारलं तर जहाजं कोण हाकणार, म्हणून बाकीच्यांना बेड्या घालून कामाला लावलं आणि नंतर सोडलं. त्यातलाच हा. त्याच्याआधी घरी पण त्याचं लफडं होतं, कर्जापायी स्वतःचं जहाज परक्या सावकारांना देऊन बसला होता, तो स्पेनमध्ये गुन्हा. तुम्ही लोन सेक्शनला आहात म्हणून मुद्दाम सांगितलं.

राजाने त्याला वर्षाला ५०० डुकाटचं (तेव्हाचं सोन्याचं नाणं) पेन्शन आणि मानचिन्ह दिलं, त्यावर पृथ्वीचा गोल आणि लॅटिनमध्ये वाक्य, अर्थ असा की 'माझ्याभोवती सर्वात आधी तू फिरलास'. राजाने लेखी दिलंय, तुमची एक्सेल शीट त्याच्यापुढे काय टिकणार.

---

वाशीकर_विन्या

थांबा थांबा, एवढी घाई नको. मी बी विंगचा नाही हां, वाशी सेक्टर १७ चा आहे.

मॅगेलनला एकदम शून्य मार्क म्हणजे अन्याय आहे. योजना कोणाची? राजाला पटवलं कोणी? ३८ दिवस त्या सामुद्रधुनीत डोंगर, बर्फ, उलटे वारे, कुठला फाटा आंधळा आणि कुठला उघडा ते माहीत नाही, त्यात एक जहाज पळून गेलं आणि त्याच्यातच जास्तीचा शिधा, तरी हा पुढे गेला. पुढे पॅसिफिकमध्ये ३ महिने २० दिवस ताजं अन्न नाही. अंतोनिओ पिगाफेट्टा नावाचा इटालियन बरोबर होता त्याने लिहून ठेवलंय, बिस्किटांचा भुगा झालेला, त्यात किडे, त्याला उंदराच्या मुताचा वास, पाणी पिवळं पडलेलं. शेवटी डोलकाठीच्या आडव्या लाकडावर गुंडाळलेलं बैलाचं कातडं काढून ४-५ दिवस समुद्रात भिजत ठेवायचं आणि निखाऱ्यावर भाजून खायचं. उंदीर अर्ध्या डुकाटला एक विकला जायचा, आणि तेवढ्यालाही मिळेना. आता सांगा, हा माणूस नसता तर एल्कानो कुठे असता?

दुसरा पॉइंट, जो लोक विसरतात. मॅगेलन पोर्तुगीज नोकरीत असताना १५०५ ला भारतात आलेला, १५११ ला पोर्तुगीजांनी मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) घेतलं तेव्हा तिथे हजर होता. म्हणजे पूर्वेकडून तो मलाक्कापर्यंत आणि पश्चिमेकडून फिलिपिन्सपर्यंत. दोन्ही प्रवास जोडले तर मध्ये फक्त साधारण २२ रेखांश राहतात. ३६० पैकी ३३८ म्हणजे जवळजवळ ९४ टक्के. एवढ्या टक्क्याला आमच्या वेळी डिस्टिंक्शन होतं.

---

चरईचा_चव्हाटा

विन्या भाऊ, डिस्टिंक्शन मान्य, पण प्रश्न "प्रदक्षिणा केली कोणी" असा आहे. देवळात ९४ टक्के फिरून मध्येच बाहेर चप्पल घालायला गेलात तर ती प्रदक्षिणा का?

आणि गंमत म्हणजे पृथ्वीला फेरी मारायची हे मॅगेलनचं ठरलेलंच नव्हतं. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने जग आपसात वाटून घेतलेलं, मधला हिंदी महासागर, आफ्रिकेचा किनारा सगळी पोर्तुगीजांची हद्द. राजाची ताकीद होती तिथे घुसायचं नाही. पश्चिमेकडून मोलुक्कास, म्हणजे तीच मसाल्याची बेटं, गाठायची, लवंग भरायची, आलो त्या वाटेने परत. फेरी पूर्ण करायचा निर्णय झाला १५२१ च्या डिसेंबरात मोलुक्कासमधल्या तिदोर बेटावर, त्रिनिदाद गळायला लागलं तेव्हा. एल्कानो म्हणाला मी पोर्तुगीजांच्या नाकाखालून पश्चिमेकडेच काढतो. तेव्हा मॅगेलन जाऊन ८ महिने झालेले.

मग नाव मॅगेलनचंच का राहिलं? कारण तुम्ही वर सांगितलात तोच पिगाफेट्टा. तो त्या १८ जणांत होता, एल्कानोच्या जहाजावरून जिवंत घरी आला, आणि पूर्ण वृत्तांतात त्याने एल्कानोचं नाव एकदाही घेतलेलं नाही!! एकदाही नाही. मॅगेलन त्याचा देव होता आणि बंडखोराचं नाव लिहायला बहुतेक हात धजला नाही. जगाने पिगाफेट्टा वाचला आणि मॅगेलन पाठ केला. सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितो त्यावर सगळं असतं, हे तुमच्या सेक्रेटरींना विचारा.

---

नेरूळ_डेकवरून

मी मर्चंट नेव्हीत आहे, सध्या सुट्टीवर, नेरूळला घरी. वाचून राहवलं नाही.

दोघांचंही ऐकलं पण तिसरा माणूस राहिलाय, एनरिक. मॅगेलनने मलाक्काला १५११ च्या सुमारास विकत घेतलेला गुलाम, त्याला बरोबर युरोपात नेला आणि मोहिमेवर दुभाषा म्हणून घेतला. म्हणजे हा पोरगा आशियातून पश्चिमेकडे पोर्तुगाल, स्पेन, मग अटलांटिक, मग पॅसिफिक. मार्च १५२१ ला फिलिपिन्समध्ये लिमासावा बेटाजवळ एक होडी आली, एनरिकने आपल्या भाषेत हाक मारली आणि समोरच्यांना समजली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जहाजावर नाइट वॉचला होतो आणि अंगावर काटा आला, कारण १० वर्षं घरापासून लांब राहून तुमची भाषा अचानक समोरून परत येते तेव्हा काय होतं ते आम्हाला विचारा, ब्राझीलच्या एका बंदरात एक माणूस "काय भाऊ कुठले" म्हणाला होता, देवगडचा निघाला.

मॅगेलनच्या मृत्युपत्रात स्पष्ट होतं की माझ्यामागे एनरिक मोकळा आणि त्याला १०,००० मारावेदी (तेव्हाची स्पॅनिश नाणी) द्या. मॅगेलन मेला, नवीन कप्तान दुआर्ते बार्बोसाने कागद गुंडाळून ठेवला, म्हणाला उठ कामाला लाग, परत गेल्यावर तू बाईसाहेबांचा, म्हणजे मॅगेलनच्या बायकोचा, गुलाम. पिगाफेट्टा म्हणतो की मग एनरिकने तिथल्याच सेबू बेटाच्या राजाशी संधान बांधलं. १ मे ला राजाने जेवायला बोलावलं आणि तिथेच कत्तल, बार्बोसा पण गेला. एनरिक तिथून नाहीसा, पुढे कुठल्याच कागदात नाही. तिथून मलाक्का दोन-अडीच हजार किलोमीटर, व्यापारी गलबतं जात येत होती. तो घरी पोचला असेल तर एल्कानोच्या आधी पृथ्वी फिरून आलेला माणूस एक गुलाम होता. पोचला का ते सिद्ध होत नाही, म्हणून मार्क देऊ नका, पण पोरांना सांगा तरी.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पश्चिमेकडे जाताना आम्ही घड्याळ एकेक तास मागे घेत जातो, रिटार्ड म्हणतो, त्या रात्री वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, लांबते म्हणून पोरं वैतागतात. आणि डेट लाइन, म्हणजे पॅसिफिकमधली वार बदलायची रेषा, ओलांडली की कॅलेंडरमधला एक दिवस गायब. मागे एकदा माझा वाढदिवसच गायब झाला, कुकने तरी केक केला. तर व्हिक्टोरियावाल्यांना हे काहीच माहीत नव्हतं. ९ जुलै १५२२ ला ते आफ्रिकेच्या पश्चिमेच्या केप व्हर्दे बेटांना लागले, जहाजाच्या हिशेबाने बुधवार, किनाऱ्यावरचे म्हणाले गुरुवार. पिगाफेट्टाने रोजच्या रोज नोंद ठेवलेली, त्याला पटेना, एकही दिवस चुकलेला नाही मग एक दिवस गेला कुठे? नंतर कळलं की सूर्याच्या मागे मागे पूर्ण फेरी मारली की एक दिवस कमी भरतो. खरं तर प्रदक्षिणेचा पुरावा हाच, हरवलेला बुधवार.

तिथे अजून एक झालं. केप व्हर्दे पोर्तुगीजांचं. एल्कानोने थाप मारली की आम्ही अमेरिकेकडून येतोय, वादळात डोलकाठी मोडली, तांदूळ द्या. दोन खेपा मिळाल्या. मग किनाऱ्यावर गेलेल्यांनी सामानाच्या बदल्यात लवंग पुढे केली आणि बिंग फुटलं, कारण लवंग अमेरिकेत होत नाही. १३ जण तिथेच धरले, एल्कानो उरलेल्यांना घेऊन नांगर उचलून पळाला. चिमूटभर लवंगेने एवढा घात आमच्या घरच्या मसालेभातात पण कधी केला नाही. तरी जहाजाच्या पोटात सुमारे २६ टन लवंग शिल्लक होती आणि ३ जहाजं गमावूनही मोहिमेचा खर्च त्यातून निघाला असं म्हणतात.

---

खोपट_एक्सप्रेस

आगीत तेल ओततो 😀 तिघंही बाद. मोहीम स्वतः सुरू करून स्वतःच कप्तान म्हणून शेवटपर्यंत नेणारा पहिला माणूस फ्रान्सिस ड्रेक, १५७७ ते १५८०. वाटेत स्पॅनिश जहाजं लुटली आणि इंग्लंडची राणी एलिझाबेथ म्हणाली शाब्बास, डेप्टफर्डला जहाजावर जाऊन 'सर' ही पदवी दिली. स्पेनसाठी समुद्री चाचा, इंग्लंडसाठी सर. सी विंगला पण मार्क द्या.

---

क्विझमास्तर_मानपाडा

बाप रे. आभार सगळ्यांचे. सी विंगवाल्यांना हा धागा दाखवू नका प्लीज, ते ४० वर होते.

मी ठरवलं की मुलीला १० द्यायचे. तसं ग्रुपवर टाकलं तर बी विंगच्या एका मुलाचे वडील म्हणाले मग बाकीचे प्रश्न पण तपासा, फक्त एकच का. बरोबर आहे त्यांचं. तर अजून दोन प्रश्नांबद्दल शंका आहे, बघता का?

प्र. ३. भारतात येणारा पहिला युरोपियन कोण? उत्तर वास्को द गामा. (बी विंगने मार्को पोलो सांगितलं होतं, मी चूक दिलं, डी विंग वास्को म्हणाली आणि बोनसचे ५ घेऊन गेली.)

प्र. ७. इंग्लंडच्या राजाला पोर्तुगालने लग्नात मुंबई आणि ठाणे आंदण दिलं, ती राणी कोण? उत्तर कॅथरीन ऑफ ब्रॅगांझा. (हा ए विंगने बरोबर दिला.)

---

नौपाड्याची_काकू

अहो क्विझमास्तर, मी निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं नववी-दहावीला इतिहास शिकवला. रागावू नका पण तिसरा प्रश्न वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

अलेक्झांडर इसवीसनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी लढला, तो काय सुएझच्या पलीकडचा नव्हता? ग्रीक राजदूत मेगॅस्थेनीस पाटलीपुत्राला चंद्रगुप्ताच्या दरबारी राहून गेला. वास्को १४९८ ला कालिकतजवळ लागला, तो आफ्रिकेला वळसा घालून युरोपातून थेट सागरी मार्गाने आलेला पहिला. 'सागरी मार्ग' हे दोन शब्द तुम्ही गाळलेत आणि अठराशे वर्षं गिळलीत.

आणि लांब कशाला जाता बाळांनो, आपल्या ठाण्याचंच घ्या. मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिलंय. वास्कोच्या पावणेदोनशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू इथे ठाण्यात मारले गेले, इथल्या काझीशी धर्मावरून वाद झाला त्यातून. त्यानंतर थोड्याच दिवसांत ओदोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्यात आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि थेट चीनपर्यंत बरोबर नेल्या. त्याच ओदोरिकने ठाण्याबद्दल लिहिलंय की इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही म्हणून कुत्र्यांकडून धरवतात. युरोपातले लोक म्हणाले असतील फेकतोय. मी मुलांना सांगायचे, अरे तो फेकत नाहीये, त्याने घूस बघितलीय. आमच्या चाळीच्या गटारात ज्यांनी बघितली त्यांना ओदोरिकवर लगेच विश्वास बसायचा. सातशे वर्षांत ठाण्यात काय बदललं असं कोणी विचारलं तर मी घुशीचं नाव घेत नाही.

अजून एक. रेवदंड्याला जाता ना तुम्ही सगळे शनिवार-रविवार, मासे खायला? तिथे एका रशियन माणसाचा स्मारकस्तंभ आहे, अफनासी निकितीन. त्वेर गावचा व्यापारी, १४७० च्या आसपास चौलला उतरला, विकायला एक घोडा घेऊन. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला, म्हणाला मुसलमान हो, घोडा परत आणि वर हजार मोहरा. खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने मध्ये पडून घोडा सोडवून दिला. हा बिदरपर्यंत फिरला, सगळं लिहून ठेवलं, आणि परतताना घर गाठायच्या आधीच स्मोलेन्स्कजवळ वारला. वही मात्र पोचली. वास्को यायला अजून पंचवीस-तीस वर्षं होती.

वास्कोचं कौतुक कमी करायचं नाही, पण त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या सुलतानाने वाटाड्या दिला होता म्हणून तो चार आठवड्यांच्या आत समुद्र ओलांडून आला. पोर्तुगीज बखरींत तो वाटाड्या गुजराती असल्याचं लिहिलंय. काही जण अरबी नाविक इब्न माजिदचं नाव घेतात, ते आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. परतताना वाटाड्या नाही, वाऱ्यांचं ऐकलं नाही, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघून आफ्रिकेला लागायला तीन महिने लागले, माणसं हिरड्या सुजून मेली, शेवटी एक जहाज जाळलं कारण हाकायला हात नव्हते. नेरूळचे दादा यावर जास्त सांगतील.

आता सातवा प्रश्न. राणीचं नाव बरोबर. पण ठाणे कोणी आंदण दिलं हो? १६६१ चा तह, १६६२ ला लग्न, हुंड्यात मुंबई, मोरोक्कोतलं तांजियर आणि रोख रक्कम. इंग्रज ताबा घ्यायला आले तेव्हा म्हणाले मुंबई म्हणजे ठाणे, साष्टी सगळंच आलं त्यात. पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणाला छे, आणि तुमचे कागद पण नीट नाहीत, ताबा देत नाही. मग सर अब्राहम शिपमन ४०० सैनिक घेऊन त्याच अंजदीववर जाऊन बसला, वाट बघत. तो तिथेच मेला आणि त्याची बरीचशी माणसं पण. १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा सेक्रेटरी हंफ्री कुक याने मुंबई बेट घेतलं, नुसतं बेट. राजाला ते पण परवडेना, १६६८ ला कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकलं. ठाण्याचं घोडबंदर रोडचं भाडं आज काय चाललंय ते तुम्हाला माहीत.

ठाणे पोर्तुगीजांकडेच राहिलं. त्यांनी १७३० ला किल्ला बांधायला घेतला, तोच आपला आजचा जेल. तो पुरा व्हायच्या आत १७३७ ला मराठ्यांनी ठाणे घेतलं, मग १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई. इंग्रजांना ठाणे मिळालं १७७४ च्या डिसेंबरात, तेही लढून. त्यामुळे ठाणेकराने ठाणे आंदण दिलं असं माईकवर म्हणावं याचं मला फार वाईट वाटलं.

---

नेरूळ_डेकवरून

काकू 🙏 वाऱ्यांचं बरोबर सांगितलंत. नैऋत्य मान्सून इकडे आणतो आणि डिसेंबर-जानेवारीतला ईशान्येचा वारा परत नेतो, आपल्या कोळ्यांना, अरबांना, गुजरात्यांना हे शेकडो वर्षं पाठ होतं. वास्को ऑगस्टच्या शेवटी कालिकतशी भांडून निघाला. दोन-अडीच महिने थांबला असता तर अर्धी माणसं वाचली असती. आजही पावसाळ्यात या बाजूने छोटी बोट काढायची म्हटलं तर मी हात जोडतो.

---

वाशीकर_विन्या

काकूंपुढे आपण काही बोलत नाही. फक्त एवढंच, मॅगेलनला निदान उत्तेजनार्थ द्या.

---

क्विझमास्तर_मानपाडा

काल रात्री कमिटी बसली, साडेअकरापर्यंत. काकू, तुमचा पूर्ण रिप्लाय प्रिंट काढून वाचून दाखवला. घुशीच्या भागाला आमच्या वॉचमनने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या, म्हणाला साहेब मी रोज सांगतो पार्किंगमध्ये आहे, कोणी ऐकत नाही.

निर्णय असा. शेवटच्या प्रश्नाचे डी विंगला १०, बी विंगचे बोनस ५ रद्द. म्हणजे डी ९०, बी ८०. ती मुलगी खाली खेळत होती तिला जाऊन सॉरी म्हटलं, तर म्हणे "काका ठीक आहे, पण एनरिकचं माहिती होतं का तुम्हाला?" म्हटलं आता झालं.

पण तिसरा प्रश्नच चूक म्हणून तो पण रद्द, त्यामुळे डी चे वास्कोवाले ५ गेले, डी ८५. आणि बी विंगला त्या बदल्यात नवीन प्रश्न देणं भाग आहे कारण त्यांचा टर्न फुकट गेला. बरोबर आलं तर बी ९०, चषक त्यांच्याकडेच. चुकलं तर प्रश्न पास आणि चषक डी कडे. म्हणजे आता सगळं एका प्रश्नावर आलंय आणि तो मी काढला तर दोन्ही विंगा मला लिफ्टमध्ये घेणार नाहीत.

काकू, रविवारी सकाळी ११ ला क्लबहाऊसमध्ये येता का? प्रश्न तुम्ही काढायचा, पाकीट बंद, मी पण उघडून बघणार नाही. नौपाड्यातून रिक्षा पाठवतो आणि नंतर मिसळ आहे. सध्या चषक सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवलाय, रजिस्टरमध्ये एंट्री करून.

---

नौपाड्याची_काकू

येते. मिसळ कमी तिखट सांगा. आणि दोन्ही विंगांना निरोप द्या, प्रश्न मॅगेलनवर नसणार, उगीच रात्रभर पाठ करू नका.